पणजोबांचा पाडा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावची एक मुलगी माझ्याकडे आली. बारावी झालेली, परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाव लागलेले. हातात जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचा फॉर्म होता, आणि त्यात एक मोठी रिकामी चौकट. चौकटीवर लिहिले होते, 'वंशावळ'. मुलीने वडिलांचे नाव भरले होते, आजोबांचे भरले होते, आणि त्याच्या वरच्या जागी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. "गुरुजी, याच्यावर कोण होतं ते घरात कोणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली. वडिलांना विचारले, तर ते एवढेच सांगत की आमचे आजोबा डोंगरातून आले, सालदार म्हणून राहिले, आणि मग इथलेच झाले.

ह्या प्रश्नचिन्हाच्या जागी नाव कसे आले ते मी आज सांगणार आहे. ते सांगताना आणखीही काही सांगेन, कारण असे प्रश्नचिन्ह आपल्या भागातल्या शेकडो घरांत आहे, आणि ते पुसायचे कसे हे सांगणारा माणूस मात्र गावात सहसा सापडत नाही.

आधी थोडी जागेची ओळख. कोरीट हे तापीच्या खोऱ्यातले, सपाटीवरचे गाव. उत्तरेला तापी ओलांडली की तळोदे, शहादे लागते, आणि त्यांच्या मागे सातपुड्याची रांग उभी राहते. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके त्या रांगेत आहेत. डोंगरात पाऊस पडतो पण जमीन थोडी आणि उताराची; खाली काळी जमीन आणि मजुरी. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसे खाली उतरत आली. कोणी सालदार म्हणून वर्षाच्या बोलीवर राहिला, कोणी कापसाच्या वेचणीला आला, कोणी मिरचीच्या हंगामाला. काही परत गेले, काही राहिले. राहिलेल्याचा मुलगा इथे जन्मला, नातू इथल्या शाळेत गेला. पण घराण्याचे मूळ मात्र वर, कुठल्या तरी पाड्यावर राहिले. तेव्हा कोरीटच्या माणसाने आपले घराणे शोधायचे म्हटले की अर्धी वाट सपाटीवरच्या कागदातून जाते आणि उरलेली अर्धी डोंगरातून.

ह्या कामात बहुतेक जण पहिली चूक अशी करतात की आधी कचेरीत जातात. कचेरीतला माणूस विचारतो, "कोणत्या सालचे दप्तर काढू?" आणि आपल्याला साल ठाऊक नसते. सुरुवात घरातून करावी. त्यातही सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून, कारण कागद उद्याही तिथेच असतो; म्हातारा माणूस उद्या असेलच असे नाही.

आता म्हाताऱ्या माणसाला विचारायचे कसे? "तुमचा जन्म कोणत्या साली?" असे विचारू नये. ह्याचे उत्तर बहुधा आधारकार्डावर असते, आणि त्यावरची तारीख बहुधा १ जून असते! आमच्या पूर्वीच्या मास्तरांची ही करामत. शाळा जूनमध्ये उघडे, पोर दाराशी उभे राही, बापाला तारीख ठाऊक नसे; मास्तर पोराकडे पाहून वय ठरवीत आणि १ जून टाकून मोकळे होत. अशाने कित्येक गावांतली अर्धी माणसे एकाच दिवशी जन्मलेली दिसतात. तेव्हा साल विचारू नका, खूण विचारा. छपन्नचा दुकाळ हा आपल्याकडचा मोठा मैलाचा दगड. विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९०० सालचा तो दुष्काळ. "छपन्नना दुकायमा मना बाप पोऱ्या व्हता," असे एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या वडिलांविषयी कधी सांगितलेले घरात कोणाच्या तरी कानावर असते. त्यानंतरची खूण १९१८ ची मानमोडीची साथ, ज्या तापाने घरेच्या घरे रिकामी झाली. मग ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले तो दिवस. मग १९७२ चा दुष्काळ आणि रोजगाराच्या कामांवरची खडी. "तुम्ही तेव्हा चालत होतात की कडेवर होतात? लग्न झाले होते का?" असे विचारले की साल आपोआप दोन-तीन वर्षांच्या अंतरात येते.

त्या मुलीच्या घरी आजोबा वारले होते. आजी होती, पण ती सून म्हणून आलेली. सासऱ्याचे नाव तिने जन्मभर तोंडातून काढलेले नव्हते आणि आता आठवतही नव्हते. मी विचारले, आजोबांच्या कोणी बहिणी? सख्खी नव्हती. एक चुलत बहीण होती, नंदुरबारच्या पलीकडच्या एका गावी दिलेली. तिला आजवर कोणी विचारले नव्हते, कारण ती 'दुसऱ्या घरची' झालेली. ऐंशीच्या पुढची ती बाई. आम्ही गेलो, ओसरीवर बसलो, आणि तिने अर्ध्या तासात चार पिढ्या सांगितल्या. पणजोबांचे नाव सांगितले. पाड्याचे नाव सांगितले. आणि सहज बोलता बोलता असेही सांगितले की तिचा हा चुलत भाऊ, म्हणजे मुलीचे आजोबा, शिरीषकुमार गेला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोरीटलाच जन्मले. त्यांच्या बारशाला ती स्वतः नाचली होती.

माझा अनुभव असा की घराण्याची आठवण घरातल्या पुरुषांपेक्षा बाहेर दिलेल्या मुलींना जास्त असते. माहेरचे नाव त्यांनी गाठीला बांधून नेलेले असते. पण वंशावळ काढायला निघालेला माणूस आत्याकडे शेवटी जातो, किंवा जातच नाही.

बाईने साल हातात दिले, आता कागदाकडे जायला हरकत नव्हती.

कागद कोणते? शाळेचे जनरल रजिस्टर हा पहिला. दाखल तारीख, जन्मतारीख, जात, बापाचे नाव, सारे एका ओळीत. ज्यांचे आजोबा-पणजोबा शाळेत गेले त्यांचे काम ह्या एका ओळीत भागते. पण आपल्या भागात ज्यांना हा दाखला सर्वांत गरजेचा, त्यांचेच आजोबा शाळेत गेलेले नसतात. मग दुसरा कागद, गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला 'कोतवाल बुक' म्हणतात ते. गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसाची नोंद पूर्वी त्यात होई. १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. त्याआधीची गावची नोंद पाहायची तर हेच पुस्तक. त्यात एक गंमत लक्षात ठेवा. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली, म्हणून नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. नाव असते ते बापाचे, आणि पुढच्या रकान्यात जात. तेव्हा आजोबांचे नाव शोधत पाने उलटाल तर जन्मभर सापडणार नाही. पणजोबांचे नाव शोधावे लागते. म्हणजे आत्याबाईंनी नाव सांगितले नसते तर ती ओळ समोर असूनही आम्हांला दिसली नसती.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला, नकलेची फी भरली, १९४३ ते १९४६ ही चार वर्षे मागितली. पाने जुनाट, कडा खाल्लेल्या. १९४४ च्या पानावर पणजोबांचे नाव होते. पुढे 'मुलगा'. जात, 'भिल'. गाव, कोरीट.

हे १९४४ साल महत्त्वाचे का, तेही सांगतो. अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्या तारखेच्या आधी आपले घराणे ह्या राज्यात राहत होते आणि त्याच जमातीचे होते हे दाखवावे लागते. म्हणून त्या तारखेपूर्वीचा कागद सोन्यासारखा. स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीला न्यायालये जास्त वजन देतात, कारण त्या काळी जात लिहून कोणाला काही मिळायचे नव्हते. खोटे लिहायचे कारणच नव्हते.

तिसरा कागद जमिनीचा. ज्यांच्या घरात थोडीही जमीन होती त्यांनी सातबारा घ्यावा आणि त्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे पाहावेत. ते फेरफारांचे नंबर. एकेका फेरफाराची नक्कल काढत मागे मागे गेले की एकेक पिढी उघडते: अमका मयत, सबब वारस म्हणून अमका व अमका. ज्या नावाला कंस केलेला असतो ते नाव रद्द झालेले, पण आपल्याला हवे असते नेमके तेच. मध्येच साखळी तुटते ती एकत्रीकरणाच्या वेळी. १९४७ च्या कायद्याने तुकडे एकत्र करून गट पाडले. जुना सर्व्हे नंबर गेला, नवा गट नंबर आला. तिथे '९(३) ९(४) चा उतारा' मागायचा, म्हणजे जुना नंबर कोणत्या गटात गेला ते कळते.

जुन्या उताऱ्यांवरची अक्षरे पाहून नवी पिढी बावरते, म्हणून थोडी ओळख करून देतो. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे मुलगा. अमका वल्द तमका. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्या बाईचा नवरा. 'कोम' किंवा 'जौजे' असेल तरी अर्थ तोच, अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोरगा लहान असल्यामुळे दुसऱ्याचे नाव लागले. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि हे दिसले की समजावे, ह्या एका नावामागे आणखी भाऊ लपलेले आहेत. पूर्वीचे कागद मोडीतही असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. म्हणून 'भिल' आणि 'भील' ह्यांत फरक आहे असे कोणी सांगू लागला तर घाबरू नये. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, तिथे मोडी कागदांचा संग्रहच आहे. राजवाडे धुळ्यातच १९२६ साली वारले.

धुळ्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात, त्याच्याही आधी पश्चिम खानदेशात, आणि १९०६ पूर्वी एकसंध खानदेश जिल्ह्यात होतो. म्हणून जुना कागद नंदुरबारला नाही म्हटले की तो जगात नाही असे समजू नये, धुळ्याला विचारावे. बऱ्याच ठिकाणचे जुने अभिलेख आता संगणकावर चढवलेले आहेत, गाव आणि तालुका निवडून पाहता येतात. मुलांना ते चटकन जमते. त्यांना बसवावे.

वतनदार घराण्यांचे काम सोपे असते, हे मान्य केले पाहिजे. पाटील, कुलकर्णी, इनामदार ह्यांच्या वंशावळी वतनाच्या दप्तरात सरकारनेच लिहून ठेवल्या, कारण वतन कोणाला जायचे हा प्रश्न होता. महसुली पाटलांची वतने १ जानेवारी १९६३ पासून गेली, पण कागद राहिला. राजपूत, गुजर अशा समाजांकडे भाट येत. वही उघडून नावे वाचीत आणि नव्या जन्मलेल्यांची नावे लिहून घेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. कोणी पणजोबा अस्थी घेऊन गेले असतील तर त्यांच्या हातची सहीसुद्धा सापडते. भाटाच्या वहीविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या मानाव्यात. त्यावर वही जसजशी चढत जाते तसतशी ती राजवाड्याकडे वळते, आणि शेवटी सगळेच सूर्याचे किंवा चंद्राचे वंशज निघतात. सालदाराच्या घरी भाट येत नाही. त्याचा भाट म्हणजे त्याची आत्या.

आता डोंगराकडे वळू. कोतवाल बुकाने आजोबांपर्यंत नेले. पणजोबांचा जन्म मात्र कोरीटचा नव्हता. आत्याबाईंनी सांगितलेला पाडा अक्कलकुव्याच्या अंगाचा. आम्ही गेलो ते होळीच्या दिवसांत. त्याला कारण होते. एरवी वरची माणसे गुजरातेत, साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोडीला गेलेली असतात. होळीला मात्र माणूस कुठेही असो, पाड्यावर येतो. ज्याला वंशावळ लिहायची त्याने होळीचा मुहूर्त चुकवू नये.

वर एक अडचण आली. कोरीटच्या ह्या घराचे आडनाव शाळेत 'भिल' लागले होते. वरचे त्यांचे भाऊबंद 'वसावे' लावतात. कागदावर पाहणाऱ्याला ही दोन वेगळी घराणी. असे का झाले? डोंगरातल्या माणसाला आडनाव लावायची गरज नव्हती. कूळ तोंडी ठाऊक असे, कारण एका कुळात लग्न होत नाही. खाली आल्यावर मास्तरांनी विचारले, "आडनाव?" बाप गप्प. मास्तरांनी जातच आडनाव म्हणून लिहिली. कुठे कुळाचे नाव लिहिले, कुठे बापाचे, कुठे पाड्याचे. एकाच आईची दोन मुले दोन शाळांत गेली आणि दोन आडनावांची झाली, हेही मी पाहिले आहे. गुरुजनहो, हे आपल्या हातून झालेले आहे, म्हणून निस्तरणेही आपल्याकडेच येते. आजही दाखल करून घेताना बापाला, आईला विचारून, शक्य तर आजोबांचा कागद पाहून आडनाव लिहावे. आपण टाकलेली एक काना-मात्रा त्या पोराच्या नातवाला पन्नास वर्षांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावते.

तर आडनावे दोन, पण कूळ एक, कुळाचा देव एक, पूर्वजांच्या नावाने पूजायची जागा एक. पाड्यावरच्या वृद्धाने पणजोबा कोणत्या साली उतरले ते नाही सांगितले. पण कोणत्या भांडणावरून उतरले ते सांगितले, आणि त्यांच्या दोन भावांची घरे बोटाने दाखवली. आत्याबाईंनी जी नावे दिली होती तीच ह्याने दिली. दोघांची एकमेकांशी भेट झाल्याला चाळीस वर्षे झाली होती. दोन तोंडे, दोन गावे, नावे तीच; ह्याला मी पुरावा म्हणतो.

आणि कायदाही अगदीच आंधळा नाही. वनहक्कांचा २००६ चा कायदा आणि त्याचे नियम पाहा. डोंगरातल्या माणसाकडे कागद नसणार हे धरून त्यांत पुराव्यांची यादी दिलेली आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हा पुरावा आहे. दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हा पुरावा आहे. आणि जुन्या कागदात नाव असलेल्या माणसापर्यंत, किंवा पूर्वी त्या गावचा रहिवासी म्हणून मान्य असलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हाही पुरावा आहे. अक्राणीतली कित्येक गावे दीर्घकाळ वनगावे होती. तिथे सातबाराच नव्हता. अशा ठिकाणी वंशावळ हाच सातबारा. नर्मदेवरच्या सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली आणि तिथली माणसे तळोदे-शहाद्याकडच्या नव्या वसाहतींत आली. गाव पाण्याखाली गेले म्हणजे देवस्थान आणि दफनभूमीही गेली. आता त्यांच्याजवळ उरली ती माणसांच्या तोंडची नावे, आणि म्हणून ती लिहून घेण्याची तिथे सर्वांत घाई आहे.

जातीच्या पडताळणीतही रूढी, देव, बोली ह्यांची विचारपूस होते. शहरात वाढलेल्या मुलाला ते सांगता आले नाही म्हणजे तो त्या जमातीचाच नाही, असा अर्थ पूर्वी काढला जाई. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. कागदोपत्री पुराव्यासह सर्व गोष्टी मिळून पाहायच्या.

इथे थोडे परदेशातले सांगतो. फ्रान्समध्येही आपल्या सातपुड्यासारखे गरीब डोंगरी मुलूख आहेत. मध्य फ्रान्समध्ये क्रूझ नावाचा भाग आहे. तिथली जमीन निकृष्ट, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथले गवंडी दर वर्षी वसंत ऋतूत पायी पॅरिसला जात, भिंती बांधीत आणि थंडीत घरी येत. पुढे पुष्कळ जण पॅरिसलाच राहिले. आज त्यांचे पणतू आपल्या डोंगरातल्या गावी नावे शोधायला जातात, अगदी आपल्या सालदाराच्या पणतीसारखे. फरक एवढाच की त्यांना कागद सापडतो. राजा पहिला फ्रान्स्वा ह्याने १५३९ साली पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला सांगितले. राज्यक्रांतीनंतर १७९२ साली ते काम गावच्या नगरसभेकडे आले. आता ती पाने संगणकावर घरी बसून दिसतात. आणि एक गोष्ट मला फार आवडली. त्या नोंदींत बायकोचे नाव तिच्या माहेरच्या आडनावाने लिहितात, मरेपर्यंत. त्यामुळे आईच्या बाजूने मागे जाणे बापाच्या बाजूइतकेच सोपे होते.

आपल्याकडे तसे नाही, हे त्या मुलीच्याच घरात दिसले. वंशावळ पुरी झाली, मी मोठ्या कागदावर झाड काढले, आजीला वाचून दाखवले. सासरा, दीर, नवरा, मुलगे, नातू. तिने सगळे ऐकून घेतले आणि कागदावर बोट ठेवून विचारले, "यामा मना नाव कोठे शे?"

नव्हते. तिचेही नव्हते, तिच्या सासूचेही नव्हते. पडताळणीला बापाकडचे रक्ताचे नातेवाईक लागतात, म्हणून आम्ही फक्त बापाची बाजू लिहिली होती. मला ओशाळल्यासारखे झाले, आणि त्याच संध्याकाळी आजीजवळ बसून दुसरा कागद केला.

हा दुसरा कागद नुसता मानापानाचा नाही. आपल्या जिल्ह्यात सिकल सेलचा आजार आहे हे आपण जाणता. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे दुखतात, पोर वारंवार आजारी पडते. हा आजार संसर्गाने येत नाही, कोणाच्या नजरेने तर नाहीच. आई आणि बाप दोघांकडून मिळून येतो. दोघेही नुसते वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण रक्तात एक दोष बाळगणारे, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक वेळ मूल आजारी होण्याचा संभव, चारांत दोन वेळा मूल वाहक होण्याचा, आणि चारांत एक वेळ पूर्ण निर्दोष. आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे; तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पण तपासणी कोणाची आधी करायची? त्यासाठी घराण्याचा कागद लागतो. मामाचा मुलगा लहानपणी गेला, मावशीच्या मुलीचे सांधे सुजत, आजीची बहीण नेहमी पांढरी पडलेली असे, ह्या गोष्टी फक्त आईच्या बाजूच्या वंशावळीत सापडतात. कचेरीला एक बाजू पुरते, रक्ताला दोन्ही लागतात. त्या आजीने दुसऱ्या कागदावर तिच्या माहेरची अशी दोन मुले सांगितली, लहानपणी गेलेली. मुलीने स्वतः जाऊन रक्त तपासून घेतले आणि भावालाही नेले. निकाल त्यांच्या घरचा आहे, तो मी सांगणार नाही.

जमिनीच्या वारसातही मुलीचे नाव टाळायची खोड आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला. अनुसूचित जमातींना तो कायदा थेट लागू नाही, हे खरे. पण म्हणून वारसांच्या यादीत मुलगी जन्मलीच नव्हती असे लिहिणे म्हणजे खोटी वंशावळ देणे होय. तिचा हिस्सा किती हा पुढचा प्रश्न. ती होती, हे आधी लिहा.

खोट्या वंशावळीचा विषय निघालाच आहे. प्रश्नचिन्ह पुसण्याचा एक सोपा रस्ता गावोगाव सांगितला जातो: आडनाव जुळणारे, दाखला मिळालेले एखादे घराणे पाहायचे आणि आपले झाड त्यांच्या फांदीला चिकटवायचे. नकलेवर एखादे अक्षर गिरवणारेही भेटतात. ह्या मुलीच्या वडिलांनाही कोणी तरी, पैसे घेऊन, असे करून देतो म्हणाला होता. दक्षता पथक घरी येते, गावात विचारते, शाळेचे रजिस्टर स्वतः उघडते. खोटा दाखला उघडकीस आला तर राज्याच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, किंवा दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिळालेली नोकरी आणि पदवी जाते ती वेगळीच. आणि ज्यांच्या फांदीला आपण चिकटलो त्या खऱ्या घराण्याचे कागदही संशयात सापडतात, ह्याचा विचार कोणी करीत नाही.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगून संपवतो. कोतवाल बुकाची नक्कल, आत्याबाईंचे आणि पाड्यावरच्या वृद्धाचे शपथेवरचे निवेदन, वडिलांचा शाळेचा दाखला आणि वंशावळ असे सारे दिले. कागद एका टेबलावर बरेच महिने पडून राहिला. कोणाच्या ते सांगून आता उपयोग नाही. त्या वर्षीचा प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी प्रमाणपत्र आले, प्रवेश मिळाला. तिच्या धाकट्या भावाला आणि चुलत भावंडांना आता तेच प्रमाणपत्र आधाराला आहे.

मूळ झाडाच्या तीन प्रती केल्या. एक कोरीटला घरात, एक आत्याबाईंच्या मुलाकडे, एक वर पाड्यावर. पणजोबांच्या वडिलांचे नाव आत्याबाईंनी एक सांगितले आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्याने दुसरे. कोणते खरे ते ठरले नाही. तिन्ही प्रतींवर दोन्ही नावे लिहिली आहेत, आणि पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह आहे.